स्कार्वोयच्या दुकानातली काच

मी एक जुनी काच आहे. काच म्हणजे खिडकीची नव्हे आणि आरशाचीही नव्हे. हवेचा दाब दाखवणारं, पितळी चौकटीतलं एक गोल यंत्र. शाळेच्या पुस्तकात माझ्यासारखीला वायुभारमापक म्हणतात. पण मित्रांनो, ज्या कोळ्यांच्या भिंतीवर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यांची हा शब्द उच्चारेपर्यंत कॉफी गार झाली असती. ते मला नुसतं ‘काच’ म्हणत. काच काय म्हणते, काच चढली, काच उतरली. घरातल्या सुनेबद्दल बोलावं तसं माझ्याबद्दल बोलत, म्हणजे मी समोर असतानाच.

तुम्ही याआधी फाटक्या छत्रीचं किंवा बंद पडलेल्या घड्याळाचं आत्मवृत्त वाचलं असेल. ती बिचारी शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात. मी करणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तुमची निराशा नको.

माझा जन्म दक्षिणेला, बर्गन शहरातल्या एका ओल्या गल्लीत झाला. मला घडवणाऱ्या कारागिराला बारा महिने सर्दी असे. माझ्या तबकडीवर शिंक पडू नये म्हणून तो दर वेळी तोंड वळवून शिंके, इतका त्याचा माझ्यावर जीव. त्याने तबकडीवर वळणदार अक्षरांत शब्द लिहिले: वादळ, पाऊस, बदल, छान, कोरडं. मला विकत घ्यायला आलेला दुकानदार ते शब्द वाचून खूश झाला. तेव्हा कारागीर त्याला म्हणाला, “शब्द शोभेचे आहेत हो. काटा कुठे उभा आहे ते बघू नका. कुठून कुठे आला ते बघा.”

यासाठीच मला दोन काटे आहेत. काळा काटा हवा हलवते. त्याच्यावर माणसाचा हात चालत नाही. पितळी काटा मात्र माणसाने आपल्या बोटांनी फिरवायचा असतो. आज काळा काटा जिथे असेल तिथे त्याच्यावर पितळी काटा आणून ठेवायचा आणि उद्या पाहायचं, काळा किती दूर गेला. एवढी सोपी गोष्ट. माझं सगळं वाटोळं या सोप्या गोष्टीतून झालं.

तो दुकानदार मला उत्तरेला, स्कार्वोय बेटावर घेऊन गेला. तिथे हिवाळ्यात सूर्य हजेरी लावल्यासारखं करतो आणि परत जातो. धक्क्यावरच्या दुकानात पीठ, कॉफी, जाळी, दोरखंड असं सगळं मिळे. पुढचं दुकान आणि मागची पिठाची कोठी यांच्यामध्ये एक लाकडी पडदी होती. तिच्यावर त्याने मला टांगलं. मला दोन्हीकडचं ऐकू येई.

काळोख असतानाच सकाळी सगळे कोळी दुकानात जमत. कॉड मासा किनाऱ्याशी येतो तो हिवाळ्यातच, त्यामुळे समुद्र सर्वांत वाईट असतो तेव्हाच त्यांना समुद्रावर जावं लागे. पहिला येणारा माझ्या तोंडावर टिचकी मारी. आमचे काटे जरा आळसावतात, टिचकी मारली की खऱ्या जागेवर येतात. पण थोबाडावर टिचकी खाल्ल्याशिवाय आपलं म्हणणं कोणी मनावर घेत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटे. काळा काटा पितळी काट्यापासून बोटभर खाली आलेला दिसला, की त्या दिवशी होड्या धक्क्यालाच राहत. कडेला बारीक आकडेही होते, पण चष्मा लावून ते वाचणारा कोळी मी पाहिला नाही. ते दोन काट्यांमधलं अंतर पाहत.

पितळी काटा लावायचा मान एडवर्टआजोबांचा. गावातले सर्वांत जुने नावाडी ते. गुडघे गेल्यापासून त्यांनी समुद्र सोडला होता, पण संध्याकाळी दुकान बंद होताना ते न चुकता येत, मिशांवरची कॉफी पुसत आणि पितळी काटा काळ्यावर बरोबर आणून ठेवत. दुसऱ्या कोणी तो काटा फिरवला असता तर गावाने त्याला चर्चमध्ये शेजारी बसू दिलं नसतं. नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची कधी गरजच पडली नाही.

ती माझी चांगली वर्षं होती. एकदा आकाश असं स्वच्छ होतं की शेजारच्या नूरविक गावच्या चर्चची घंटासुद्धा दिसावी, आणि मी मात्र धाडकन उतरले. एडवर्टआजोबांनी सगळ्यांना अडवून धरलं. दुपारपर्यंत लाटा धक्क्यावरची पिंपं उचलून नेऊ लागल्या आणि सगळे कोळी दुकानात शेगडीभोवती सुखरूप बसलेले. आजोबा म्हणाले, “हिलाही एक कप ओता रे.” आणि खरंच कोणीतरी माझ्यासमोरच्या फळीवर कपभर कॉफी आणून ठेवली. नाताळाच्या आधी बायका माझं पितळ राखेने घासत. मी फुगले होते. का फुगू नये?

आता पेत्राआजीचं सांगते. मी फक्त उद्याचं सांगणारी. पेत्राआजी सबंध हिवाळ्याचं सांगणारी. नाताळाआधी गावात डुकरं कापली जात, तेव्हा तिच्यासाठी एक पानथरी, म्हणजे प्लीहा, राखून ठेवत. ती पानथरी लाकडी फळीवर मांडून, बोटाने दाबून, आजी पुढच्या चार महिन्यांचा अंदाज सांगे. पुढचं टोक म्हणजे नाताळ आणि मागचं टोक म्हणजे ईस्टर. जिथे जाड तिथे हवा कडक, जिथे पातळ तिथे मऊ.

मी सांगते आहे त्या वर्षी तिने पानथरी दुकानाच्या काउंटरवरच मांडली.

“पुढे बघा कसा गोळा आलाय,” ती म्हणाली. “मेणबत्त्यांच्या सणापर्यंत हाडं गोठणार. एखादं घर रिकामं करूनच जाईल ही थंडी.”

“आणि मग?” कोणीतरी विचारलं.

“मग लोणी. मागचं टोक बघ की, आमच्या कैलासवासी नवऱ्याच्या अकलेइतकं पातळ आहे.”

टोर्मोड नावाचा एक तरुण कोळी होता. जीभ गावात सर्वांत लांब. तो म्हणाला, “आजी, गेल्या वर्षीही लोणी म्हणाली होतीस आणि माझं छप्पर उडालं.”

“गेल्या वर्षीचं डुक्कर नूरविकचं होतं. परगावच्या डुकराची हमी मी देत नाही.”

सगळे हसले आणि सगळ्यांनी विश्वासही ठेवला. मला याचाच राग येतो. माझं उद्याचं चुकलं तर उद्याच माझी कानउघाडणी होते. चार महिन्यांपुढचं सांगणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तोवर तो अंदाज लोक विसरलेले असतात, आणि नाहीच विसरले तर डुक्कर परगावचं निघतं.

दुकानात एक रेडिओही आला होता. शहरातली शिकलेली माणसं त्यातून सबंध उत्तर किनाऱ्याचा अंदाज एका दमात सांगत. किनारा केवढा लांब! एका टोकाला मेंढ्या चरत असतात तेव्हा दुसऱ्या टोकाला वाऱ्याने माणूस उभा राहत नाही. रेडिओवर माझा राग नाही. ‘काही ठिकाणी फरक पडू शकेल’ असं तो शेवटी प्रामाणिकपणे म्हणे. पण तोवर लोक उठून बूट चढवत असत.

दुकानात काउंटरवर सिग्ने नावाची मुलगी काम करी. मुलगी कसली, लग्न झालेली बाई, पण मी तिला परकरात पाहिलेली. एका हिवाळ्यात तिचे वडील आणि थोरला भाऊ एकाच होडीतून गेले आणि होडी तेवढी परत सापडली. पुढे तिने अर्न्टशी लग्न केलं. अर्न्टही कोळीच. तो आणि टोर्मोड लहानपणापासूनचे मित्र, होडी दोघांच्या सामायिक मालकीची, घरं शेजारी शेजारी. टोर्मोडच्या बायकोचं नाव योरुन. तिला दोन लहान मुलं होती आणि ती मुलं निम्मा दिवस सिग्नेच्या स्वयंपाकघरात असत.

पेत्राआजीचं ते ‘एखादं घर रिकामं करूनच जाईल’ सिग्नेच्या डोक्यात रुतून बसलं. बाकीच्यांनी ऐकलं आणि कॉफी प्याली. तिने ऐकलं आणि ती घरी जाऊन जागी राहिली असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

दुकान तीच उघडत असे. नाताळ झाल्यावरची एक सकाळ. तिने शेगडी पेटवली, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काळा काटा रात्रीतून जागचा हलला नव्हता. तिने टिचकी मारली, तरी नाही. म्हणजे अर्न्ट आज जाणार. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग पितळी काटा धरला आणि बोटभर वर सरकवला.

आता काळा काटा पितळीच्या बोटभर खाली दिसत होता. कोणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काच रात्रीतून उतरली. तिने बोटं एप्रनला पुसली. तेव्हा मला तिची दया आली. आज येत नाही.

थोड्या वेळाने कोळी आले. टोर्मोडने टिचकी मारली आणि म्हणाला, “आयला, बोटभर उतरली.” सगळे परत शेगडीशी बसले. अर्न्टही बसला. सिग्नेने त्याला कॉफी ओतली तेव्हा तिचा चेहरा किती शांत होता! आणि समुद्र त्या दिवशी ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता.

काही दिवसांनी तिने पुन्हा तेच केलं. मग आणखी एकदा. दर वेळी होड्या धक्क्याला, समुद्र शांत, आणि आदल्या दिवशी टाकलेल्या जाळ्यांत मासा कुजत पडलेला. नूरविकचे कोळी मीठ न्यायला आमच्या दुकानात आले, तेव्हा त्यांना आयतंच मिळालं.

“काय रे स्कार्वोयवाल्यांनो, आजही काच रुसली का?”

“रुसणारच. यांना बायका परवानगी देत नाहीत, मग हे काचेकडे मागतात.”

त्यांना काय ठाऊक ते किती खरं बोलत होते! काउंटरमागे सिग्ने मिठाची पिशवी बांधत होती. तिने गाठ दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

ते गेल्यावर टोर्मोड माझ्यासमोर उभा राहिला. “हिला म्हातारचळ लागलाय,” तो म्हणाला.

“काच म्हातारी होत नसते,” एडवर्टआजोबा म्हणाले.

“होते, आजोबा. तुमच्याबरोबरच झाली.”

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी पितळी काटा लावला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आपले डोळे गेले की काय, अशी शंका त्यांना येत होती. ते त्यांच्या डोळ्यांत आणि वाकलेल्या पाठीत दिसत होतं. सिग्ने मागे झाडू मारत होती. तिला त्यांची पाठ दिसत नव्हती असं मी मानणार नाही.

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीचा तो मेणबत्त्यांचा सण आला आणि गेला. पेत्राआजीच्या हिशेबाने आता लोण्याचे दिवस. सिग्नेची भीती ओसरली आणि तिने माझ्या काट्यावरून हात काढला. तिच्यापुरतं प्रकरण मिटलं. माझं नाव गेलं ते गेलंच. कोळी टिचकी मारत, ती सवयीने. मी काहीही दाखवलं तरी निघून जात. आणि काही आठवडे हवाही अशी गुणी वागली की पेत्राआजीला रोज कोणी ना कोणी कॉफी पाजू लागलं.

एका रात्री मी उतरले. मित्रांनो, खरी उतरले. उत्तरेच्या बर्फावरून काहीतरी लहान आणि दुष्ट निघालं होतं आणि ते सरळ आमच्यावर येत होतं. सकाळपर्यंत माझा काळा काटा दोन बोटं खाली आला होता.

सिग्नेने दुकान उघडलं, शेगडी पेटवली आणि वळली. तिने मला पाहिलं. ती जवळ आली, टिचकी मारली, आणि टिचकीसरशी काटा आणखी खाली घसरला. ती तशीच उभी होती तोवर कोळी आत आले.

“अरे वा, आज दोन बोटं,” टोर्मोड म्हणाला. “आज बहुतेक प्रलय आहे. नोहाला निरोप धाडा.”

हशा झाला. रेडिओ सांगत होता की सबंध किनाऱ्यावर मध्यम वारा, संध्याकाळनंतर थोडा जोर. पेत्राआजी शेगडीशी होतीच. “मागचं टोक पातळ आहे म्हटलं ना,” ती म्हणाली आणि साखरेचा खडा दातांत धरून कॉफी ओढू लागली.

एडवर्टआजोबा एकटे माझ्याकडे पाहत होते. “काटा मी काल स्वतः लावलाय. दोनदा बघून लावलाय. आज जाऊ नका.”

“आजोबा, तुम्ही आणि काच दोघं बसा शेकत. एकमेकांना उतारवयाच्या गोष्टी सांगा.”

तेवढ्यात सिग्नेने अर्न्टची बाही धरून त्याला मागच्या पिठाच्या कोठीत ओढलं. पडदीवर मीच होते, म्हणून मी सगळं ऐकलं. दुसरं कोणी ऐकलं नाही.

“आजची खरी आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“आधीच्या खोट्या होत्या. काटा मी सरकवत होते. तू जाऊ नयेस म्हणून.”

त्याने तिच्या हातातून बाही सोडवून घेतली.

“आज मी हात लावलेला नाही. आईशप्पथ. अर्न्ट, बाहेर जा आणि सांग त्यांना.”

“काय सांगू? माझ्या बायकोने गावाची जाळी कुजवली म्हणून?”

“मग मी सांगते.”

“गप्प बस. या गावात राहायचंय आपल्याला. नूरविकपर्यंत हसतील. तुला हसतील, मला हसतील, पोरं झाली तर पोरांनाही हसतील.”

“आणि ते गेले तर?”

“टोर्मोडला मी थांबवतो. बाकीचे बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन समुद्र बघतील आणि फिरतील माघारी. आंधळे नाहीत ते.”

तो बाहेर आला तो पोट धरून. “टोर्मोड, पोटात कळ आलीय. आज राहू दे. उद्या जाऊ.”

“पोट तुझं दुखतंय, माझं नाही,” टोर्मोड म्हणाला. “उद्या उद्या करत अर्धी जाळी कुजली आपली. मी दुसरा कोणी घेतो.” त्याने दुकानभर नजर फिरवली. सगळे आपापल्या होड्यांचे होते. राहिले फक्त आजोबा. “काय आजोबा, येता एक दिवस? की काचेला सोबत करताय?”

तो चेष्टाच करत होता. पण एडवर्टआजोबांनी कप खाली ठेवला, उठले आणि खुंटीवरचा तेलकट कोट काढला. महिनाभर त्यांच्या डोळ्यांवर आणि वयावर लोक हसत होते. माणूस किती हसू ऐकून घेणार? दाराशी त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगते आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी गेले.

अर्न्टने तोंड उघडलं. मी पाहिलं. एक शब्द पुरला असता. त्याने तोंड मिटलं आणि पोट आणखी घट्ट धरलं. सिग्ने कोठीच्या दारात उभी होती. तिचेही ओठ हलले नाहीत. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते, पण मला आहेत फक्त दोन काटे, आणि ते जे सांगायचं ते केव्हाच सांगून बसले होते.

दुपारच्या आत बर्फाचं वादळ आलं. ज्यांची जाळी जवळ होती त्या होड्या कशाबशा परत आल्या. टोर्मोडची जाळी सर्वांत लांब होती. तो आला नाही आणि आजोबाही आले नाहीत.

पुढचे काही दिवस दुकानात कोणी मोठ्याने बोललं नाही. मग बोलू लागले. “हिने आधी आपल्याला तीनदा फसवलं नसतं, तर टोर्मोड त्या दिवशी ऐकता,” असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यातला ‘हिने’ एवढा एक शब्द सोडला तर वाक्य खरं होतं. सिग्ने तेव्हा कॉफी ओतत होती. तिने सगळ्यांचे कप भरले.

योरुन दुकानात आली ती काळ्या कपड्यांत. रडली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हिला काढा भिंतीवरून.”

“मी काढतो,” अर्न्ट म्हणाला. “समुद्रात टाकून येतो.”

त्याने मला काढलं, कोटाखाली धरलं आणि समुद्राकडे न जाता आपल्या होडीघरात नेऊन जुन्या शिडाखाली ठेवलं. का टाकलं नाही ते मला माहीत नाही. पेत्राआजीचं काय झालं विचाराल, तर पुढच्या नाताळात तिच्यासाठी नेहमीप्रमाणे पानथरी राखून ठेवली होती.

शिडाखाली काही वर्षं गेली. आवाज तेवढे ऐकू येत. अर्न्ट योरुनची लाकडं फोडून देई, तिचं छप्पर शाकारून देई. सिग्नेने दुकान सोडलं. ती योरुनकडे भाकरी भाजून पाठवत असे, पण होडीघरात तिने कधी पाऊल टाकलं नाही.

मग एका वसंतात योरुन टोर्मोडची वल्ही न्यायला होडीघरात आली. अर्न्ट आत जाळं विणत होता. तिने शीड बाजूला केलं आणि मी उघडी पडले.

“ही इथे?”

“टाकवली नाही,” अर्न्ट म्हणाला. “पितळ चांगलं आहे.”

तिने पदराने पुसावं तसं एप्रनने माझं तोंड पुसलं. “अर्न्ट, एक विचारते. ही बिघडलेली होती ना?”

“होती की. सगळं गाव सांगत होतं.”

“गाव आता वेगळं सांगतं. गाव म्हणतं, त्या दिवशी हिने बरोबर सांगितलं होतं आणि टोर्मोड हसून गेला. परवा शाळेत माझ्या पोराला कोणीतरी म्हणालं, तुझा बाप हसत हसत बुडाला.” तिने मला उलटी करून पाहिलं. “मी रोज रात्री त्याच्याशी भांडते रे. मेलेल्या माणसाशी. का गेलास म्हणून. दे मला ही. शहरात घड्याळजीला दाखवते. बिघडलेली असेल तर असेल, नसेल तर नसेल. माझा नवरा मूर्ख होता का, एवढं मला कळू दे.”

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी चांगली होते! पत्रा शाबूत, काटे शाबूत. कोणताही घड्याळजी एका दिवसात सांगता की या काचेत काडीचाही दोष नाही. मग कोणाला तरी विचार करावा लागता की आधीच्या तीन वेळा काय झालं. अर्न्टलाही ते कळलं.

“उद्या देतो,” तो म्हणाला. “घासूनपुसून देतो.”

ती गेल्यावर त्याने होडीघराचं दार लावलं आणि माझी पाठ उघडली. आमच्या पोटात एक पातळ पत्र्याची डबी असते. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते, म्हणून तर बाहेरच्या हवेचं वजन आम्हांला कळतं. अर्न्टने शिडं शिवायचा दाभण घेतला. बराच वेळ तो डबीवर टेकवून बसला. मग दाबला. बारीक ‘हिस्स’ झालं, एवढंच. डबी फुगली आणि माझा काळा काटा गरकन फिरून वादळाच्याही पलीकडे जाऊन अडकला.

मग त्याने पाठ लावली, स्क्रू घट्ट केले आणि माझं पितळ घासलं. इतकं सुरेख कोणीच कधी घासलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाहू दे.

शहरातल्या घड्याळजीने भिंग लावून आत पाहिलं. “डबीला भोक आहे, बाई. अशी काच काहीही दाखवते.”

“पूर्वीपासून असेल?” योरुनने विचारलं.

भोकाची कड नव्या नाण्यासारखी चकाकत होती. त्याने ती पाहिली आणि मग योरुनचा चेहरा पाहिला. “असेल,” तो म्हणाला.

परतीच्या बोटीत तिने मला मांडीवर धरलं होतं. ती रडत होती, आणि मधेच म्हणाली, “मूर्ख नव्हतास रे तू.” तिने मला आपल्या स्वयंपाकघरात टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. शेजारणी आल्या की ती माझा अडकलेला काटा दाखवी आणि घड्याळजी काय म्हणाला ते सांगे. गावाने ते मानलं. पोराला शाळेत पुन्हा कोणी काही म्हटलं नाही.

अर्न्ट अजूनही येतो. लाकडं फोडतो, मग आत येऊन माझ्याकडे पाठ करून बसतो. परवाच योरुन त्याला कॉफी ओतताना म्हणाली, “तुझ्यासारखा मित्र टोर्मोडला मिळाला, हे त्याचं भाग्य.”

अर्न्टने कप खाली ठेवला. “लाकूड ओलं आहे,” तो म्हणाला. “आधी वाळू दे.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर ते पुसत जा, उन्हात ठेवू नका, पोरांना खेळायला देऊ नका. आणि त्याचे काटे कोणाच्या मायेपोटीसुद्धा सरकवू नका. सिग्ने वाईट बाई नव्हती. अर्न्टही वाईट नाही. योरुनला रात्री झोप लागते, आणि ती लागावी असं मलाही वाटतं. फक्त उद्या हवा कशी असेल ते मला विचारू नका. आता मला खरंच कळत नाही.